डाव्या गालावर नुसता वांग नव्हता

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार घरातल्या अडतीस वर्षांच्या बाईंचं हे प्रकरण. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. "लेसर करूनही वांग जात नाही" ही तक्रार नाशकात आम्हा त्वचारोगवाल्यांना रोजची, त्यामुळे तक्रारीत नवं काही नव्हतं. लिहिण्यासारखं होतं ते असं, की त्यांच्या चेहऱ्यावर दोन वेगळे आजार एकमेकांवर चढून बसले होते, दोघांना "वांग" हे एकच नाव मिळालं होतं आणि दोघांवर एकच यंत्र एकाच मापाने चाललं होतं. त्यातला एक आजार त्या यंत्राने खरोखर जाण्यासारखा होता, त्याला मात्रा पुरली नाही. दुसऱ्याला ते यंत्र मुळातच फारसं मानवत नाही, त्याला तीच मात्रा जास्त झाली.

आधी काय काय झालं होतं

डाग नजरेत भरले ते धाकट्या मुलाच्या वेळी, सातव्या महिन्याच्या आसपास. दोन्ही गालांची हाडं, कपाळ, थोडा वरचा ओठ. बाळंतपणानंतर फिके पडले आणि पुन्हा बागेत जाणं सुरू झाल्यावर गडद झाले. सासूबाईंनी दुधात जायफळ उगाळून लावायला सांगितलं. शेजारणीने लिंबू सांगितलं. जायफळाने फारसं बिघडत नाही, कोणाला आग होते एवढंच. लिंबाचं मात्र तसं नाही. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं की कातडी भाजते आणि भाजलेली जागा महिनोन्‌महिने काळी राहते. रस लावून बागेत जाणं म्हणजे पैसे न देता डाग विकत घेणं.

मग गावाजवळच्या एका मेडिकलमधून ट्यूब आली. "गोरं करायची ट्यूब" म्हणून ती मागितली जाते आणि तशीच दिली जाते. आत तीन औषधं: हायड्रोक्विनोन दोन टक्के, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड. अशा तिहेरी मलमाचं मूळ सूत्र 1975 साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलं, आणि वांगासाठी आजही त्याच्या तोडीचं लावायचं औषध दुसरं नाही. पण ते डॉक्टरच्या नजरेखाली सहा-आठ आठवडे वापरायचं औषध आहे. बाईंनी ते चार वर्षं रोज रात्री लावलं. 2018 साली सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत. कागदावर नियम आहे. काउंटरवर काय चालतं ते वाचणाऱ्याला मी सांगायला नको.

चौथ्या वर्षी ट्यूब पुरेनाशी झाली. उन्हात गेलं की तोंड लाल व्हायचं, गालावर बारीक लव वाढली, हनुवटीवर पुटकुळ्या आल्या, आणि एक रात्र मलम चुकलं तरी सकाळी आग. मग शहरातल्या एका सेंटरमध्ये त्यांनी "लेसर टोनिंग"चं, म्हणजे हलक्या मात्रेचा लेसर तोंडावर पुन्हापुन्हा फिरवण्याचं, पॅकेज घेतलं. दर आठवड्याला एक सिटिंग. मलम बंद करा असं कोणी सांगितलं नाही. पहिल्या काही सिटिंगनंतर चेहरा खुलला आणि बाई खूश झाल्या. पॅकेज संपायला आलं तसं डाग परत वर आले, पूर्वीपेक्षा गडद. शिवाय कपाळावर आणि उजव्या गालावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके उमटले.

त्या माझ्याकडे आल्या त्या काळ्या डागांपेक्षाही या पांढऱ्या ठिपक्यांसाठी. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, हे कोड तर नाही ना? पोरगी बारावीला आहे माझी." या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे आपल्याकडच्या कोणालाही उलगडून सांगावं लागत नाही.

खिडकीपाशी

चेहऱ्याचे डाग मी ट्यूबलाइटखाली बघत नाही. बाईंना तोंड धुवायला लावलं, पावडर उतरली, मग खिडकीपाशी उभं केलं. दिवसाच्या उजेडात दोन्ही गाल सारखे नव्हते. उजवा गाल तपकिरी: कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या पण ठळक, रंग चहाच्या डागासारखा. डाव्या गालावरही हाच तपकिरी थर होता, पण त्याच्या खालून काहीतरी वेगळं डोकावत होतं. निळसर, राखाडी, जुना मार बसल्यावर राहतो तसा रंग. तो खालच्या पापणीपासून सुरू होऊन कानशिलाकडे गेला होता. उजवीकडे त्याचा मागमूस नव्हता.

"हे डावीकडचं केव्हापासून?"

"सगळं बरोबरच आलंय ना."

"लग्नाच्या फोटोत बघू या."

लग्नाच्या अल्बमचा काही उपयोग झाला नाही. फोटोग्राफरने नवरीच्या तोंडावर काहीही शिल्लक ठेवलं नव्हतं. पुढच्या खेपेला त्या दहावीच्या प्रवेशपत्राचा फोटो मोबाइलवर घेऊन आल्या. चिकटवलेला पासपोर्ट फोटो, त्यावर शाळेचा अर्धा शिक्का. डाव्या डोळ्याखाली सावली पडल्यासारखी दिसत होती. मग त्यांनाच आठवलं: "नववीत असताना मैत्रिणी म्हणायच्या, काजळ पसरलंय पूस. मला वाटायचं झोप होत नाही."

शेवटचा पुरावा डोळ्यात होता. त्यांना उजवीकडे बघायला सांगितलं आणि डाव्या डोळ्याची बाहेरची पापणी बोटाने जराशी ओढली. डोळ्याच्या पांढऱ्या भागात, बाहेरच्या कोपऱ्याला, पाटीच्या रंगाचा एक ठिपका होता. चवळीच्या दाण्याएवढासुद्धा नसेल. इतक्या वर्षांत कोणी त्यांना नजर उजवीकडे फिरवायला सांगितलं नव्हतं.

हा ओटाचा नीव्हस, जन्मखुणेच्या जातीतला डाग. जपानच्या मासाओ ओटा यांनी 1939 साली याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. पोटातल्या बाळाच्या वाढीत रंगपेशी मज्जातंतूंच्या मूळ पट्ट्यातून निघून कातडीच्या वरच्या थरापर्यंत येतात. काही वाटेतच, खालच्या थरात अडकतात आणि तिथेच रंग बनवत राहतात. खोलवरचा काळा रंग वरून निळा-राखाडी दिसतो, कारण निळा प्रकाश वरच्या वर विखरून परत येतो आणि तांबडा आत शोषला जातो. डाग एका बाजूला, डोळा-गाल-कानशील या चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेच्या हद्दीत असतो. काहींना तो जन्मापासून असतो, काहींना वयात येताना उगवतो. बायकांमध्ये जास्त. निम्म्याहून जास्त जणांच्या डोळ्याच्या पांढऱ्यातही रंग उतरतो, आणि डोळ्यात रंग असलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला काचबिंदूचा धोका असतो. म्हणून लेसरच्या गप्पा नंतर, आधी डोळ्याचा दाब तपासून आणा असं सांगितलं. दाब ठीक होता.

डर्मोस्कोप, म्हणजे दिवा बसवलेलं भिंग, लावलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. उजव्या गालावर तपकिरी जाळी आणि तिच्यामधून लालसर बारीक रक्तवाहिन्या: वांग, वर स्टेरॉइडची करणी. डावीकडे तीच जाळी, पण मागे निळसर-राखाडी, कसलीच नक्षी नसलेली पार्श्वभूमी. पांढऱ्या ठिपक्यांसाठी अंधार करून वुड्सचा, म्हणजे अतिनील प्रकाशाचा, दिवा धरला. कोड असतं तर ठिपके खडूसारखे लखलखले असते. हे नुसते फिके दिसले. टोनिंगमधून झालेले. त्यातले बरेच भरतात, काही राहतात, हे त्याच दिवशी सांगितलं. राहतील ते राहतील, पण हे कोड नाही आणि ते पसरणारही नाही, एवढं ऐकल्यावर बाईंनी पदराने डोळे टिपले, आणि मग कुठे काळ्या डागांचं बोलणं सुरू झालं.

यंत्र तेच, मग असं का झालं

सेंटरमध्ये वापरलं ते क्यू-स्विच्ड एनडी-याग यंत्र होतं. माझ्याकडेही तेच आहे. यामागचं तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी 1983 साली मांडलं: ज्या रंगावर मारा करायचा तो रंग शोषेल अशा लांबीचा प्रकाश घ्यायचा, आणि तो इतका थोडा वेळ सोडायचा की तापलेल्या कणातली उष्णता शेजारी झिरपायच्या आत काम उरकलं पाहिजे. कातडीतला रंगाचा कण मायक्रॉनच्या आसपासचा. तो निवायला मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ लागतो. म्हणून या यंत्राची स्पंदनं पाच-दहा नॅनोसेकंदांची असतात. 1064 नॅनोमीटरचा प्रकाश वरच्या थरातल्या रंगात कमी अडकतो आणि खोल जातो, म्हणून सावळ्या कातडीला तो त्यातल्या त्यात सुरक्षित.

आता ओटा घ्या. रंगपेशी खाली अडकलेल्या, संख्येने ठरलेल्या. लहान ठिपका आणि जोराची मात्रा, म्हणजे तीन-चार मिलिमीटरचा ठिपका आणि चौरस सेंटिमीटरला सहा-सात जूल (जूल हे ऊर्जेचं माप) किंवा त्याहून जास्त, अशी दिली की त्या पेशीच फुटतात. मोडतोड शरीर हळूहळू उचलून नेतं आणि त्या जागी नव्या पेशी सहसा येत नाहीत. म्हणून ओटा एकदा गेला की बहुतेकदा गेलाच.

वांग याच्या उलट. तिथे पेशी योग्य जागी, वरच्या थरातच आहेत. त्यांना फक्त रंग बनवण्याचा हुकूम सारखा सुटतो आहे. हुकूम सोडणारे बरेच: ऊन, संप्रेरकं, खालच्या थरातल्या वाढलेल्या रक्तवाहिन्या, उन्हाने जीर्ण झालेले तंतू, दोन थरांमधल्या पडद्याला पडलेली भोकं. लेसरने आज रंग फोडला तरी हुकूम चालूच. वरून लेसरची ऊब आणि दाह हाही त्या पेशींसाठी एक नवा हुकूमच होतो. टोनिंगमध्ये म्हणून मात्रा मुद्दाम हलकी ठेवतात, सहा-आठ मिलिमीटरचा मोठा ठिपका आणि दोन-अडीच जूलच्या आत-बाहेर. पण दर आठवड्याला, अंगावर स्टेरॉइडने पातळ झालेली कातडी असताना, तीच तीच जागा घासत राहिलं की कुठे पेशी थकून रंगच सोडतात (ते पांढरे ठिपके), आणि कुठे चवताळून दुप्पट बनवतात.

हे सगळं मी कागदावर दोन थर काढून बाईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे डावीकडचं खाली गेलंय पण उपटलं की संपलं. आणि हे वरचं हरळीवाणी. खुरपा, चार दिवसांत परत." मी हीच उपमा आता इतरांनाही सांगते.

आधी नुसतं थांबणं

त्यांना लेसर लगेच हवं होतं, निदान "त्या डावीकडच्यासाठी तरी". मी पाच महिने यंत्राला हात लावला नाही. या निर्णयावर त्या माझ्यावर चिडल्या होत्या आणि ते साहजिक होतं: एवढ्या लांबून यायचं, आणि डॉक्टर म्हणते मलम सोडा.

स्टेरॉइडची सवय लागलेला चेहरा मलम सोडलं की पेटतो. पहिल्या आठवड्यात बाईंचा फोटो आला तो लालबुंद, सुजलेला. हे होणार हे आधी सांगून ठेवलेलं नसतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी परत तीच ट्यूब उघडली असती. बहुतेकजणी तेच करतात, आणि आमच्यापैकी काहीजण इथेच रुग्ण गमावतात. मोमेटासोनवरून हलक्या स्टेरॉइडवर, मग एक दिवसाआड, मग बंद; सोबत टॅक्रोलिमसचं, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं दाह कमी करणारं, मलम, साधं मॉइश्चरायझर, पुटकुळ्यांसाठी डॉक्सिसायक्लिनचा कोर्स. फेसवॉश, स्क्रब, फेशियल सगळं बंद. तीन महिन्यांत लाली उतरली. मग रात्रीचं, डाग फिके करणारं अझेलेइक आम्ल, अगदी थोडं, एक दिवसाआड.

या काळात आणखी एक गोष्ट उघड झाली. पाळी नियमित राहावी म्हणून त्या कित्येक वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेत होत्या. "औषधं काय चालू आहेत" या प्रश्नाला त्यांनी "काही नाही" असं उत्तर दिलं होतं, कारण गोळी हे त्यांच्या लेखी औषध नव्हतं. त्या गोळीतलं इस्ट्रोजेन वांगाला खतपाणी घालतं. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून गोळी थांबवली आणि तांबी बसवली. त्यानंतरच ट्रॅनेक्सॅमिक आम्लाचा विचार करता आला, कारण इस्ट्रोजेनच्या गोळीसोबत ते दिलं तर रक्ताच्या गुठळीची भीती असते.

ट्रॅनेक्सॅमिक आम्ल शोधलं ते जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने, रक्तस्राव थांबवण्यासाठी. वांगावर ते चालतं हे जपानमध्येच 1979 साली लक्षात आलं. वांगासाठी मात्रा बरीच कमी, 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. घरात कोणाला गुठळी, पक्षाघात, वारंवार गर्भपात, असं सगळं विचारूनच द्यायचं. बाई गोळ्या घेऊन गेल्या आणि संध्याकाळी फोन आला: "मॅडम, मेडिकलवाला म्हणतो हे पाळीत जास्त जातं त्याचं औषध आहे. चुकून दिलं का?" त्याचं म्हणणं खरंच होतं. त्याच दुकानातून स्टेरॉइडची ट्यूब न विचारता मिळत होती, हा विचार मनात आला, पण तो मी फोनवर बोलले नाही.

मांडवाची सावली

उन्हाचं बोलणं सगळ्यात लांबलं. "मी तर मांडवाच्या सावलीत असते" असं त्यांचं पक्कं म्हणणं. द्राक्षबागेत जाऊन आलेल्याला ते पटतंही. पण एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की मांडवावर पान राहत नाही. उघड्या काड्या आणि वर ऊन. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतरही तेच, पुढे पानं येईपर्यंत. आणि नेमकं याच दिवसांत बायकांचं काम वाढतं. नंतर विरळणी (घडातले जादा मणी काढणं) आणि डिपिंगला (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) घड डोक्यावर लटकत असतात, म्हणजे तोंड तासन्‌तास वर. कपाळ आणि गालाची हाडं वांगाच्या हक्काच्या जागा. त्याच वर केलेल्या. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, अक्षांश वीस. एप्रिल-मेच्या दुपारी अतिनील निर्देशांक अकराच्या पुढे जातो. हवा सुखद वाटते म्हणून ऊन सौम्य असतं असं नाही.

बाई तोंडाला ओढणी बांधत होत्या, पण ओढणी डोळ्यांखालून बांधली जाते. डोळे आणि गालाचं हाड उघडंच. म्हणून रुंद कडेची टोपी, तिच्यावरून ओढणी. सनस्क्रीनमध्ये एक गोष्ट मी आग्रहाने सांगते: वांगासाठी नुसतं अतिनील किरण अडवणारं पांढरं क्रीम पुरत नाही. सावळ्या कातडीला डोळ्याला दिसणारा प्रकाशही काळवंडतो, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग. तो अडवायला लोहाचे ऑक्साइड लागतात, म्हणजे रंगीत, मातकट सनस्क्रीन. ते महाग पडतं. बाईंनी मधला मार्ग काढला: आतून साधं सनस्क्रीन आणि वरून कातडीच्या रंगाचं कॉम्पॅक्ट, कारण कॉम्पॅक्टचा रंगही त्याच ऑक्साइडचा असतो. प्रमाण सांगितलं दोन बोटांवर शेवटपर्यंत ओढलेली रेघ. सगळ्यांसारखं त्यांनाही ते "फार" वाटलं. बागेतल्या बायका आधी हसल्या, "मेकअप करून विरळणीला." पुढच्या हंगामात त्यातल्याच एकीने टोपी कुठून घेतली ते विचारलं.

(मोबाइलच्या उजेडाने वांग येतो का, असंही त्यांच्या मुलीने विचारलं. सूर्यापुढे मोबाइलचा उजेड किस झाडकी पत्ती. बागेत पाच मिनिटं उघड्या तोंडाने गेलं तरी त्याहून कितीतरी जास्त मिळतो.)

डाव्या गालावर लेसर

पहिला फटका पावसाळ्यात, कानशिलावर केसांच्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. चार मिलिमीटरचा ठिपका, सहा जूल. मारल्याबरोबर जागा पांढरट फुलून आली आणि टक्‌ टक्‌ असा कोरडा आवाज आला. ओटासाठी हीच खूण हवी. वांगावर टोनिंग करताना असं पांढरं फुललं तर मात्रा चुकली असं समजायचं.

चौथ्या आठवड्यात ती जागा तपकिरी झाली. सावळ्या कातडीला दुखापत झाली की ती काळवंडते, लेसरची दुखापत असली तरी. घाबरण्याचं कारण नव्हतं, पण पुढे सरकण्याचंही नव्हतं. दहाव्या आठवड्यात तपकिरी उतरली आणि खालचा राखाडीही उठून दिसण्याइतका फिका झाला. मगच पूर्ण डाग घेतला.

अडचणीची जागा गालाचं हाड. तिथे वर वांग, खाली ओटा. वरच्या थरात रंग दाट असेल तर खाली जाणारा प्रकाश वाटेतच अडतो, वरची कातडी भाजते आणि खालच्या पेशींना पुरेसं मिळत नाही. म्हणून वरचा वांग औषधांनी जितका उतरवता येईल तितका उतरवूनच त्या जागेला हात लावला. डोळ्याच्या खोबणीच्या आत काम करताना नुसता बाहेरचा चष्मा चालत नाही. बुबुळावर धातूची वाटी बसवावी लागते, थेंब टाकून डोळा बधिर करून. पहिल्यांदा त्या वाटीला बाई लेसरपेक्षा जास्त घाबरल्या.

प्रत्येक वेळी भूल देणारं मलम तासभर, नंतर गार पट्ट्या, आठवडाभर पेट्रोलियम जेली, आणि खपली स्वतःहून पडेपर्यंत ती काढायची नाही. दोन सिटिंगमध्ये निदान अडीच महिने. एप्रिल-मे आणि काढणीचा काळ वगळला, कारण उन्हात राबणाऱ्या माणसाला "पंधरा दिवस बाहेर पडू नका" हे सांगण्यात अर्थ नसतो. या हिशेबाने काम दोन पावसाळे आणि मधल्या हिवाळ्यावर पसरलं. दर आठवड्याच्या पॅकेजपुढे हे फार संथ वाटतं, आणि बाईंच्या मालकांनी ते एकदा बोलूनही दाखवलं. त्यांना दहावीचा फोटो आणि आजचा गाल शेजारी ठेवून दाखवला, तेव्हा ते गप्प झाले.

वांगावर दुसरं एखादं यंत्र?

हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि वाचणारेही विचारतील. आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झोत सोडणारं यंत्र, याचा प्रकाश एका लांबीचा नसतो, त्याचा मोठा पट्टा असतो. आपल्या कातडीत तो वरच्या वर अडकून भाजण्याचा धोका मोठा. पिकोसेकंद लेसरमध्ये स्पंदन नॅनोसेकंदाहूनही लहान, उष्णता कमी, त्रास कमी. पण वांग परतायचा थांबत नाही. कातडीवर बारीक बारीक ठिपक्यांत मारा करणाऱ्या फ्रॅक्शनल लेसरने सुरुवातीला छान दिसतं आणि सावळ्या चेहऱ्यावर नंतर काळवंडण्याचं प्रमाणही बरंच. सूक्ष्म सुयांची रेडिओफ्रिक्वेन्सी रंगावर थेट मारा करत नाही, म्हणून मला ती त्यातल्या त्यात कमी घातक वाटते, पण ती औषधांच्या जोडीला, औषधांऐवजी नव्हे. माझं मत असं, की स्टेरॉइड सुटलेलं नाही, ऊन आवरलेलं नाही आणि निदान पक्कं नाही, तोवर वांगावर कुठलंही यंत्र चालवू नये. आणि हे सगळं झाल्यावर बहुतेकींना यंत्राची गरज उरत नाही. यावर माझ्याशी न पटणारे सहकारी नाशकातच आहेत, आणि त्यातल्या काहींचे निकाल चांगले आहेत, हेही खरं.

आजची स्थिती

ओटा डाव्या गालावरून जवळजवळ गेला. खालच्या पापणीच्या कडेला थोडी छटा आहे, तिथे आणखी एकदा लागेल. डोळ्यातला ठिपका तसाच राहणार. त्याला लेसर नसतो.

वांगाचं मोजमाप आम्ही सुधारित मासी गुणांनी करतो, डाग किती पसरले आणि किती गडद यावरून, चोवीसपैकी. आल्या तेव्हा साडेआठ, मागच्या पावसाळ्याच्या शेवटी चारच्या खाली. डावा गाल मोजताना सुरुवातीला ओटाचा भाग वगळावा लागला, नाहीतर आकडा फुगला असता आणि पुढे लेसरचं श्रेय औषधाच्या खात्यात गेलं असतं. या एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर गुण पुन्हा साडेपाचवर गेले. मजूर मिळाले नाहीत, बाई स्वतः आठवडाभर बागेत होत्या, टोपी होती पण घामाने सनस्क्रीन टिकलं नाही. ट्रॅनेक्सॅमिक आम्ल पुन्हा तीन महिने सुरू केलं, अझेलेइक चालूच आहे. वांगावर लेसर नाही.

पांढऱ्या ठिपक्यांपैकी कपाळावरचे बहुतेक भरले. उजव्या गालावर चार-पाच आहेत, ते आता भरतील असं मला वाटत नाही, आणि त्यांना तसं सांगितलंय. कॉम्पॅक्टखाली ते दिसत नाहीत. डोळ्याचा दाब वर्षातून एकदा तपासायचा, तो त्या पिंपळगावलाच तपासून घेतात आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवतात.